उपग्रहाला हवा घासते तरी त्याचा वेग वाढतो म्हणे, हे कसं काय?

तासगाव_बाग
नमस्कार मंडळी. पोरगी बारावी सायन्सला आहे, सीईटीसाठी अकरावीचा गुरुत्वाकर्षणाचा धडा परत काढलाय आणि त्यातल्या एका प्रश्नावर दोन दिवस झाले घरात चर्चा चाललीय. मी स्वतः कॉमर्सवाला, द्राक्षबाग बघतो, पण इस्रोचं लॉन्चिंग लाइव्ह बघायचं कधी सोडत नाही, त्यामुळं तिनं विचारल्यापासून मलाबी चैन पडंना.

प्रश्न असा: खालच्या कक्षेतल्या उपग्रहावर विरळ हवेचं घर्षण होतं, तर त्याचा वेग कमी होईल, वाढेल का तेवढाच राहील? कुणालाबी विचारा, कमीच होईल म्हणणार. उत्तरसूचीत मात्र "वाढेल" दिलंय.

दुसरं, पुस्तकात उपग्रहाची एकूण ऊर्जा वजा लिहिलीय. सेकंदाला सात-आठ किमी पळणाऱ्या वस्तूची ऊर्जा वजा कशी असंल? पाठ करून मार्क पडतील पण तिला तसं नकोय, आणि मलाबी. कुणीतरी जरा सविस्तर सांगा.

मिरज_जंक्शन
दादा उत्तरसूचीच चुकली असणार, प्रिंटिंगमध्ये असं होतं बऱ्याचदा. घर्षण झालं की ऊर्जा जाणार, ऊर्जा गेली की वेग जाणार, वेग गेला की खाली पडणार. सरळ आहे. आणि उपग्रहाला सोलर पॅनल असतात की, त्याच्यावरच फिरत राहतो तो.

विश्रामबाग_मेक
उत्तर बरोबर छापलंय, वेग वाढतोच. मी सांगलीत मेकॅनिकलला आहे, थर्ड इयर.

आधी पॅनलचं सांगतो. पॅनलची वीज कॅमेरा, रेडिओ, कॉम्प्युटर, बॅटरी यांच्यासाठी. फिरत राहायला उपग्रहाला वीज लागत नाही, एकदा योग्य वेग दिला की तो पृथ्वीभोवती पडतच राहतो. फक्त ज्यांच्यावर इलेक्ट्रिक प्रोपल्शन, म्हणजे विजेवर चालणारं इंजिन असतं तिथं ही वीज कक्षा सांभाळायलाबी कामाला येते, आपला जीसॅट-९ म्हणजे साउथ एशिया सॅटेलाइट ५ मे २०१७ ला गेला त्याच्यावर झेनॉन वायूचे तसले थ्रस्टर आहेत.

आता वेग. ४०० किमी उंचीवर, जिथं साधारण स्पेस स्टेशन आहे, तिथं कक्षेतला वेग सेकंदाला ७.६७ किमी. डिश टीव्हीचे उपग्रह ३५,७८६ किमी वर आहेत, तिथं वेग फक्त ३.०७ किमी. म्हणजे जेवढं खाली तेवढं जोरात फिरावं लागतं. घर्षणानं उपग्रह ४०० वरनं ३९० ला आला तर ३९० चा वेग त्याला पाहिजेच, आणि तो सेकंदाला साधारण पावणेसहा मीटरनं जास्त आहे. झालं.

मिरज_जंक्शन
भावा झालं कसं? ४०० ला सोडलेला वेगळा, ३९० ला सोडलेला वेगळा, त्यांचे वेग वेगळे हे मान्य. माझा प्रश्न एकाच उपग्रहाबद्दल आहे. हवा त्याला मागं ओढतीय. मागं ओढणारं बल एखाद्याला पुढं कसं काय ढकलेल? नक्की त्या क्षणाला काय होतं ते सांग, नुसतं सूत्रात बसतंय म्हणून नको.

अजिंक्यतारा
मिरजकरांनी नेमकी जागा पकडली आहे. साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजला बरीच वर्षं फिजिक्स शिकवलं, आणि या प्रश्नावर वर्गातली सगळ्यात हुशार मुलंच जास्त भांडतात हा माझा अनुभव, भांडायलाच पाहिजे. म्हणून सावकाश लिहिते.

आधी वजा चिन्ह, कारण ते पक्कं झालं की पुढचं अर्धं काम होतं. तुमच्या बागेतली विहीर घ्या. मोजमाप काठापासून करायचं ठरवलं, काठ म्हणजे शून्य, तर ६० फूट खालचं पाणी वजा ६० वर आहे. पाण्यात काही उणं नाही, आपण शून्य कुठं धरलं त्याचा तो परिणाम. गुरुत्वाकर्षणात आपण शून्य धरतो पृथ्वीपासून अनंत अंतरावर, जिथं तिची ओढ संपली असं म्हणता येईल. मग आत आलं की सगळं वजाच. जमिनीवर पडलेल्या एक किलो वस्तूची स्थितिज ऊर्जा, म्हणजे ती कुठं आहे त्यामुळं असलेली ऊर्जा, या हिशोबात वजा ६२.५ मेगाज्यूल येते. तीच वस्तू ४०० किमी उंचीवर नेली तर वजा ५८.८. आणि तिथं कक्षेत फिरायला लागणारी गतिज, म्हणजे वेगामुळं असलेली ऊर्जा अधिक २९.४. बेरीज करा, वजा २९.४. म्हणजे एवढी पळूनसुद्धा ती काठापर्यंत पोचलेली नाही, बांधलेलीच आहे. बेरीज शून्य झाली की सुटली, जमिनीवरनं निघताना त्यासाठी सेकंदाला ११.२ किमी वेग लागतो, तो मुक्तिवेग तुमच्या मुलीच्या पुस्तकात आहेच.

आता या आकड्यांत एक गोष्ट बघा. गतिज अधिक २९.४, एकूण वजा २९.४. आकडा तोच, चिन्ह उलट. स्थितिज बरोबर दुप्पट आणि वजा. वर्तुळाकार कक्षेत हे कायम असंच असतं, उंची कुठलीही घ्या, उपग्रह पाच किलोचा असो नाहीतर पाच टनांचा. एकूण ऊर्जा कमी झाली म्हणजे वजा आकडा आणखी मोठा झाला, म्हणजे गतिज वाढली. ऊर्जा गमावली की वेग वाढतो हे इथंच दिसतं, पण मिरजकर म्हणतात तसं हे सूत्रातलं झालं.

मग त्या क्षणाला काय होतं? हवा नसती तर उपग्रहाचा मार्ग पृथ्वीच्या मध्याकडं ओढणाऱ्या रेषेला बरोबर काटकोनात राहिला असता. गुरुत्वाकर्षण फक्त दिशा वळवतं, वेग वाढवत नाही की घटवत नाही. हवेनं जरासं मागं खेचलं की हा काटकोन मोडतो, मार्ग किंचित आतल्या बाजूला कलतो, अगदी किंचित, डोळ्याला दिसणार नाही एवढा. पण कलला म्हणजे आता गुरुत्वाकर्षणाचा एक छोटा हिस्सा चालीच्या दिशेनं काम करायला लागला. कक्षा हळूहळू लहान होत असताना हा हिस्सा किती असतो ते गणितानं काढलं तर तो घर्षणाच्या बरोबर दुप्पट निघतो. मागं ओढणारं एक, पुढं ओढणारं दोन, उरलं पुढं एक. म्हणजे हवा जेवढ्या बलानं मागं खेचते बरोबर तेवढ्याच बलानं कुणीतरी पुढं ढकलावं तसा तो उपग्रह वेग घेतो. ढकलणारी हवा नव्हे, ढकलतं गुरुत्वाकर्षण, हवेनं फक्त त्याला वाट करून दिली.

ऊर्जेचा जमाखर्च मांडून बघा. ४०० वरनं ३९० किमीला येताना दर किलोमागं स्थितिज ऊर्जा साधारण ८७ किलोज्यूल कमी होते. त्यातले निम्मे, साधारण ४३, वेगात जातात. उरलेले निम्मे हवेत उष्णता होऊन जातात. घर्षणानं ऊर्जा खाल्ली हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, फक्त ती उंचीतनं गेली, आणि गेली त्याच्या दुप्पट उंची खर्ची पडली.

एक मर्यादा मुलीला जरूर सांगा. हे सगळं हवा विरळ असेपर्यंतच. १००-१२० किमीच्या आसपास आल्यावर घर्षण एवढं वाढतं की तिथं कक्षा म्हणावी असं काही राहतच नाही, मग वेग खरंच झपाट्यानं कमी होतो आणि बहुतेक उपग्रह तिथनं खाली येताना जळून तुटतात. परीक्षेच्या प्रश्नात "कक्षेतल्या" हा शब्द म्हणून महत्त्वाचा.

मिरज_जंक्शन
मॅडम, मागं एक पुढं दोन हे डोक्यात बसलं. कागदावर बाण काढून बघितले, उपग्रहाची चाल जराशी आत कलती केली की गुरुत्वाकर्षणाचा बाण लगेच दोन भागात पडतो. एवढं चित्र पुस्तकात असायला पाहिजे होतं.

तासगाव_बाग
मॅडम लय आभार, पोरीला वाचून दाखवलं, ती आता ८७ आणि ४३ स्वतः काढत बसलीय. मला एक विचारायचं होतं. मोटारीचं बिल भरतो त्यामुळं युनिटमध्ये सांगितलं की मला लगेच कळतं. एक किलो माल ४०० किमीवर कक्षेत ठेवायला किती युनिट वीज लागंल, म्हणजे विजेनं नेता आला असता तर?

विश्रामबाग_मेक
भारी प्रश्न आहे काका. जमिनीवर वजा ६२.५, कक्षेत वजा २९.४, फरक ३३ मेगाज्यूल. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. भागलं तर ९ युनिटच्या थोडं वर. फक्त एवढंच! डिशच्या उपग्रहाच्या उंचीवर किलोला साधारण १६ युनिट.

पण विजेचा जिना कुठं आहे. रॉकेटला स्वतःचं इंधन स्वतःच उचलावं लागतं, सुरुवातीचं बरंच इंधन वरचं इंधन उचलण्यातच संपतं, आणि मागं सोडलेला गरम वायू बरीच ऊर्जा घेऊन जातो. आपलं एलव्हीएम-३ उडताना ६४० टनांचं असतं आणि खालच्या कक्षेत ८ टनांच्या आसपास नेऊ शकतं. बाकी सगळं वाटेत.

आणि त्या ३३ मध्ये उंचीचा वाटा बघा, ३.७ फक्त. उरलेले २९.४ वेगाचे. मला स्वतःला हे सगळ्यात जास्त आवडतं, कारण लोकांना वाटतं उपग्रह पाठवायचा म्हणजे उंच न्यायचा. उंच नेणं त्यातल्या त्यात सोपं, आडवा वेग देणं अवघड. थुंबातनं पहिलं रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ ला उडालं, ते वर जाऊन खाली आलं. आपल्या स्वतःच्या रॉकेटनं उपग्रह कक्षेत फिरता ठेवला १८ जुलै १९८० ला, एसएलव्ही-३ नं रोहिणी. मधली १७ वर्षं म्हणजे उंचीपासून वेगापर्यंतचा रस्ता आहे असं मी मानतो, आणि त्या माणसांनी तो कसा काढला असेल हे विचार करूनच अंगावर काटा येतो.

कोयनाकाठ
कराडहून. चर्चा लई आवडली म्हणून दोन खऱ्या घटना टाकतो, घर्षण म्हणजे पुस्तकातली गोष्ट नाही हे मुलीला कळेल.

१० जानेवारी २००७ ला पीएसएलव्ही-सी७ गेलं, त्यावर कार्टोसॅट-२ होता आणि एसआरई-१ नावाची कुपी होती. कुपी इस्रोनं मुद्दाम इंजिन चालवून वेग कमी करून २२ जानेवारीला बंगालच्या उपसागरात उतरवली, सुखरूप. कार्टोसॅट-२ मात्र ६३० किमीच्या आसपास फिरत होता, काम संपल्यावर इस्रोनं २०२० च्या सुरुवातीपर्यंत त्याची कक्षा ३८० किमीपर्यंत खाली आणली, पुढचं काम हवेवर सोडलं आणि १४ फेब्रुवारी २०२४ ला तो हिंदी महासागरावर वातावरणात शिरला. ३८० पासनं पुढं चार वर्षं हेच चाललं होतं, ऊर्जा जात होती आणि वेग वाढत होता.

दुसरी घटना, फेब्रुवारी २०२२. स्टारलिंकचे ४९ उपग्रह एकदम सोडले, सुरुवातीला फक्त २१० किमीच्या आसपास, तिथनं स्वतःच्या इंजिनानं वर जायचे होते. नेमकं तेव्हाच सूर्याकडनं वादळ आलं, वरची हवा तापून फुगली, घर्षण वाढलं आणि चाळीसच्या आसपास उपग्रह परत आले. हवा खालची वर आली म्हणून उपग्रह गेले.

स्पेस स्टेशनला पण याच कारणानं मधनंमधनं इंजिन चालवून वर ढकलावं लागतं.

जलमंदिर_जवळ
माझीबी एक शंका याच्याशी जोडलेली. चांद्रयान-३ सरळ चंद्रावर का गेलं नाही, पृथ्वीभोवती एवढ्या चकरा का मारल्या? इंधन वाचतं म्हणतात पण कसं वाचतं ते कुणी सांगत नाही. इंधन तर तेवढंच जाळायचंय, इथं जाळा नाहीतर तिथं.

विश्रामबाग_मेक
इथं आणि तिथं यात लई फरक पडतो, आणि तो पण ऊर्जेचाच आहे. १४ जुलै २०२३ ला यान लांबट कक्षेत सोडलं होतं, पृथ्वीच्या जवळचं टोक १७० किमी, लांबचं साधारण ३६,५०० किमी. जवळच्या टोकाला वेग सेकंदाला १०.३ किमी येतो, लांबच्या टोकाला फक्त १.६. आता समजा इंजिन चालवून वेग १०० मीटरनं वाढवायचाय. इंधन दोन्हीकडं सारखंच लागणार. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर असते, त्यामुळं जवळच्या टोकाला त्याच १०० मीटरनं किलोमागं १.०३ मेगाज्यूल मिळतात आणि लांबच्या टोकाला ०.१६. सहापटीपेक्षा जास्त फरक, त्याच इंधनात. म्हणून यान जवळच्या टोकाला आलं की इंजिन चालवायचं, मग परत एक चक्कर येईपर्यंत थांबायचं. एकाच वेळी सगळं करायचं तर एकतर खूप मोठं इंजिन पाहिजे नाहीतर इंजिन चालू असतानाच यान जवळच्या टोकापासनं लांब निघून जातं. १ ऑगस्टला चंद्राकडं निघालं, ५ ला चंद्राच्या कक्षेत, २३ ला उतरलं.

स्पेडेक्सला, म्हणजे इस्रोच्या अवकाशात उपग्रह जोडायच्या प्रयोगाला, तर याच्याहून गंमत होती. दोन उपग्रह ३० डिसेंबर २०२४ ला गेले आणि १६ जानेवारी २०२५ ला एकमेकांना जोडले. पुढच्याला गाठायचं म्हणून मागच्यानं नुसतं पुढं जोर लावला तर तो वरच्या कक्षेत जातो आणि सरासरी वेग कमी होऊन आणखीनच मागं पडतो. गाठायचं तर आधी वेग कमी करून खाली यायचं, खाली आलं की जोरात फिरतो. नासाच्या जेमिनी-४ मध्ये १९६५ साली रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न यामुळंच फसला होता.

तासगाव_बाग
पोरगी स्वतः टाइप करतीय आता 👇

मॅडम नमस्कार. ८७ आणि ४३ आलं, वेग ५.७ मीटरनं वाढतो ते पण आलं. डिशच्या उपग्रहाचं केलं, एकूण ऊर्जा किलोमागे वजा ४.७ मेगाज्यूल, म्हणजे तो सुटायला अगदी थोडाच राहिलाय. मग तो निकामी झाल्यावर खाली आणतात का वर सोडून देतात? आणि एक शंका. हवा ऊर्जा काढून घेते म्हणून उपग्रह खाली येतो आणि वेग वाढतो. मग उलटं पण होत असेल ना? कुणीतरी ऊर्जा देत राहिलं तर तो वर जात राहील आणि हळू होत जाईल. इंजिन नसताना असं कुठं होतं का?

अजिंक्यतारा
बेटा, आकडे सगळे बरोबर आहेत.

डिशच्या उपग्रहाचं: त्याला खाली वातावरणात आणायचं तर वेग सेकंदाला दीड किमीनं कमी करावा लागेल, एवढं इंधन शेवटी कुणाकडंच नसतं. वर ३०० किमी ढकलायला सेकंदाला ११ मीटरच्या आसपास पुरतात. म्हणून निकामी व्हायच्या आधी त्याला थोडं वरच्या कक्षेत नेऊन ठेवतात, पुढच्या उपग्रहांची जागा मोकळी राहते. पूर्ण सोडून द्यायचं तर वजा ४.७ भरून काढायला सेकंदाला सव्वा किमी आणखी लागतील, तेही परवडत नाही.

तुझी दुसरी शंका फार चांगली आहे. होय, होतं, आणि ते रोज रात्री आकाशात दिसतं. चंद्र. चंद्राच्या ओढीनं समुद्राला भरती येते, पृथ्वी स्वतःभोवती चंद्राच्या फेरीपेक्षा बरीच जोरात फिरते म्हणून भरतीचा तो फुगवटा चंद्राच्या थोडा पुढं जातो, आणि पुढं गेलेला फुगवटा चंद्राला सतत पुढं ओढत राहतो. इंजिन नाही, इंधन नाही, पृथ्वीच्या फिरण्यातली ऊर्जा चंद्राला मिळते. परिणाम तू लिहिलास तोच, चंद्र दरवर्षी साधारण ३.८ सेंटीमीटर लांब जातोय आणि त्याचा कक्षेतला वेग हळूहळू कमी होतोय. ऊर्जा मिळाली आणि वेग घटला.

हे अंतर मोजता कसं येतं तर १९६९ मध्ये अपोलो-११ च्या लोकांनी चंद्रावर लेसर परतवणारे आरसे ठेवले होते, इथनं लेसर सोडायचा आणि परत यायला लागलेला वेळ मोजायचा. आपल्या विक्रम लँडरवर पण तसलं एक छोटं उपकरण आहे, नासानं दिलेलं, डिसेंबर २०२३ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानानं त्यावर लेसर टाकून परत मिळवला.

आता तुझ्यासाठी काम. चंद्राचं अंतर ३,८४,४०० किमी, कक्षेतला वेग सेकंदाला साधारण १ किमी. डिशच्या उपग्रहासाठी केलंस तसंच चंद्राच्या एका किलोमागं एकूण ऊर्जा काढ आणि इथं टाक. आणि पृथ्वीनं ही ऊर्जा दिल्यावर तिचं स्वतःचं काय झालं असेल याचा पण विचार कर, इशारा एवढाच देते की शंभर वर्षांत आपला दिवस साधारण २ मिलिसेकंदांनी मोठा होतो.